लाटांखालच्या जमिनीचा भाव

शनिवार-रविवार शेअर बाजार बंद असतो आणि साइट ऑफिसं उघडी असतात. पाच दिवस सेन्सेक्सच्या चढउतारात जीव टांगणीला लागलेली माणसं सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन सॅम्पल फ्लॅट बघायला निघतात. ‘शेअरचं काही खरं नाही, जागेचे भाव कधी उतरत नाहीत’ हे तिथं चहाबरोबर फुकट ऐकायला मिळतं.

सॅम्पल फ्लॅट मात्र नीट निरखण्यासारखा असतो. खोल्यांना बऱ्याचदा दारंच नसतात, म्हणजे दार उघडायला किती जागा खाल्ली जाईल ते कळत नाही. पलंग जरा आखूड, कपाट उथळ, समोरच्या भिंतीवर आरसा. बाहेर काचेच्या पेटीत इमारतीचं मॉडेल, त्यात तळहाताएवढा निळा स्विमिंग पूल. प्रत्यक्ष जागा बघायची तर मागच्या बाजूला जावं लागतं : पत्र्याचं कुंपण, पाणी साचलेला खड्डा आणि एक थांबलेला जेसीबी. त्या खड्ड्याच्या वर हवेत कुठेतरी चौदावा मजला आहे आणि आपण त्याच्या भावावर घासाघीस करत असतो.

मुंबईला हे नवीन नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडातल्या लँकशरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मुंबईत आलेला पैसा ठेवायचा कुठे, हाच प्रश्न होऊन बसला. मग बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या आणि समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली बॅकबे रेक्लमेशन. तिचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात पोचला. शेअर कसला, तर अजून लाटांखाली असलेल्या जमिनीचा! शेअर आणि जागा हे दोन वेगळे बाजार आहेत असं आपण धरून चालतो. इथे दोन्ही एकाच कागदावर होते. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद ज्या कंपनीच्या पाठीशी, तिचा भाव वर, एवढंच लोकांना ठाऊक. बँक ऑफ बॉम्बे शेअरच्या तारणावर कर्ज देई आणि त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जात.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत दक्षिणेकडच्या जनरल लीनं शस्त्रं खाली ठेवली, यादवी संपत आली आणि कापसाचा भाव कोसळला. वायद्याचे सौदे १ जुलैला पुरे करायचे होते. त्या दिवशी घेणाऱ्याकडे पैसे नव्हते, देणाऱ्याकडच्या कागदाला किंमत नव्हती. बँक पुढे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. प्रेमचंदांनी भरभराटीत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर तेवढा १८७८ मध्ये उभा राहिला.

पण बॅकबेची कल्पना खोटी नव्हती, आणि मला या गोष्टीतलं तेच मोलाचं वाटतं. समुद्र खरोखरच हटला. आधी एक पट्टा रेल्वेच्या रुळांना मिळाला, विसाव्या शतकात मोठा भराव पडून मरीन ड्राइव्ह झाला, नंतर नरिमन पॉइंट. (या भरावातल्या गैरव्यवहारावर ज्यांनी झोड उठवली, त्या खुर्शेद नरिमन यांचंच नाव त्याच्या टोकाला लागलं, हा मुंबईचा खास विनोद.) ती जागा पुढे देशातल्या सर्वांत महागड्या जागांपैकी एक ठरली. म्हणजे ‘जागेचे भाव वाढणारच’ म्हणणारा १८६४ मध्येही खरंच बोलत होता. फक्त ती वाढ त्या वर्षी शेअर घेतलेल्याच्या पदरात पडली नाही. शहर कुठे वाढणार हे त्यानं अचूक ओळखलं होतं. तोवर तग धरायला लागणारा पैसा मात्र त्याचा नव्हता, बँकेचा होता.

आता कायदे आहेत. २०१७ पासून घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं महारेरा आहे. ग्राहकाच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर नि बांधकामावर खर्च करायचे, हा नियम चांगलाच आहे. पण पैसा जातो कुठे, एवढंच तो बघतो. भाव रास्त आहे का, हे त्याच्या कक्षेत येत नाही. आयपीओचंही तसंच. सेबी माहितीपत्रक तपासते, किमतीची हमी घेत नाही.

त्यामुळे बुकिंगचा चेक फाडण्याआधी त्याच गल्लीतल्या पाच-सात वर्षं जुन्या इमारतीत तेवढ्याच कार्पेटच्या फ्लॅटला भाडं किती येतं, ते विचारून यावं. समजा, एक कोटीच्या फ्लॅटला महिना २२ हजार मिळतात. म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार, अडीच टक्क्यांहून थोडं जास्त. गृहकर्जाचं व्याज ८ टक्के धरा. मधली पाच-साडेपाच टक्क्यांची तूट दरवर्षी न चुकता भाववाढीनं भरून यायला हवी, तेव्हा कुठे बरोबरी. यात स्टॅम्प ड्यूटी, मेंटेनन्स आणि पझेशन लांबलं तर तोवर राहत्या घराचं भरावं लागणारं भाडं धरलेलं नाही.