उत्तर ध्रुवाहून पत्र

नाताळ जवळ आला की वसईत पापडी, नंदाखाळच्या अंगणांत गोठे सजू लागतात. मला मात्र आठवतात टोल्किन: ऑक्सफर्डचे प्राध्यापक, चार मुलांचे बाप. १९२० पासून वीसेक वर्षं ते मुलांना उत्तर ध्रुवावरच्या नाताळबाबाच्या नावानं पत्रं लिहीत. बाबा म्हातारा, म्हणून अक्षर थरथरतं. तिकीटसुद्धा हातानं रंगवलेलं! पत्रांत एक धांदरट अस्वल, पुढे गॉब्लिन नावाचे दुष्ट बुटकेही घुसले. याच काळात जादा कमाईसाठी टोल्किन परीक्षेचे पेपरही तपासत. कंटाळवाणंच काम, पण तिथल्याच एका कोऱ्या पानावर ‘हॉबिट’ या त्यांच्या कादंबरीचं पहिलं वाक्य उमटलं. पुस्तक आलं १९३७ मध्ये. विरार लोकलनं रात्री उशिरा घरी पोचणाऱ्या आईबाबांनो, असं एखादं खोटं पत्र लिहाच. अक्षर तेवढं बदला, मुलं लगेच ओळखतात.