पुढचा अंक कधी येणार?

जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. तो अंक एकट्या सुपरमॅनचा नव्हता, हे मात्र सहसा ध्यानात राहत नाही. त्याच्या वाट्याला आली जेमतेम तेरा पानं. बाकीची पानं इतर चित्रकारांनी, इतर नायकांनी भरली होती. १९६२ मध्ये स्पायडरमॅन आला तोही 'अमेझिंग फँटसी' नावाच्या, सुट्या गोष्टी छापणाऱ्या नियतकालिकाच्या शेवटच्या अंकात. फ्रान्समध्ये ॲस्टेरिक्स १९५९ साली 'पिलोत' या साप्ताहिकातून घराघरांत गेला. जपानमधलं 'शोनेन जम्प' हे साप्ताहिक तर एकाच जाडजूड अंकात अनेक मालिका छापतं. १९९० च्या दशकाच्या मध्यात ते आठवड्याला साठ लाखांहून अधिक खपत होतं. अनेक हातांनी मिळून काढलेला अंक हेच कॉमिक्सचं माहेर आहे.

असं असताना स्वतंत्र चित्रकार एकत्र येऊन, पदराला खार लावून संकलन काढतात, तेव्हा त्याला वाचक का मिळत नाही? 'आपल्याकडे कॉमिक्स म्हणजे पोरांचा खेळ' हे ठरलेलं उत्तर मला अपुरं वाटतं. प्रौढांसाठीच्या कॉमिक्सची परंपरा पक्की असलेल्या देशांतही अशी संकलनं धडपडतात. कारण आणखी खोलात शोधायला हवं.

पहिलं कारण नजरेचं आहे. कथासंग्रहात लेखक बदलला तरी टाइप तोच राहतो, ओळी तशाच धावतात. कॉमिक्सच्या संकलनात दर आठ-दहा पानांनी सगळंच बदलतं. रेषेची जाडी, चौकटींची मांडणी, फुग्यातल्या अक्षरांचं वळण, एका चौकटीतून दुसरीत जाताना किती काळ लोटला हे सुचवण्याची रीत, सगळं नव्यानं समजून घ्यावं लागतं. नजर सरावते न सरावते तोच गोष्ट संपते. लांब गोष्ट द्यावी, तर चित्रकाराला ते परवडत नाही. एक पान काढायला दिवस-दिवस जातात आणि वाचक ते मिनिटभरात उलटतो. त्यात छपाईचा हिशेब असा, की प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च पाचशे प्रतींना तेवढाच आणि पाच हजारांनाही तेवढाच. प्रती थोड्या, म्हणून किंमत चढी. किंमत चढी, म्हणून प्रती थोड्या. दुकानदार आणि वितरक यांचं कमिशन वजा जाता चित्रकाराच्या हाती मानधन म्हणावं असं काही उरत नाही.

ही अडचण सगळ्यांनाच होती. तरीही काही जण तगले. ते कशावर तगले, हे पाहण्यासारखं आहे.

१९६४ मध्ये टोकियोत कात्सुइची नागाई यांनी 'गारो' मासिक काढलं. मोठ्या प्रकाशकांकडे ज्या चित्रकारांची डाळ शिजली नसती, त्यांना इथे मोकळं रान मिळालं. योशिहारू त्सुगे यांची स्वप्नासारखी विस्कळीत, अस्वस्थ करणारी 'नेजिशिकी' १९६८ मध्ये इथेच छापली गेली. पण 'गारो' मुळात निघालं ते सानपेई शिराटो यांच्या 'कामुई-देन'साठी. जातीच्या उतरंडीत तळाशी ढकललेल्या कामुईची आणि शेतकऱ्यांच्या बंडांची ही प्रदीर्घ मालिका १९७१ पर्यंत चालली. वाचक अंक घ्यायचा कामुईचं पुढे काय झालं हे कळावं म्हणून, आणि त्याच अंकात त्याला त्सुगे भेटायचे. मालिका संपली आणि 'गारो'चा खप उतरणीला लागला.

न्यूयॉर्कमध्ये आर्ट स्पीगलमन आणि फ्रान्स्वाज मूली यांनी १९८० मध्ये 'रॉ' सुरू केलं. मूली छपाई शिकल्या आणि त्यांनी राहत्या घरातच छापखान्याचं यंत्र बसवलं. १९८५ च्या सातव्या अंकात तर प्रत्येक प्रतीच्या मुखपृष्ठाचा कोपरा हातानं फाडला आणि फाडलेला तुकडा आतल्या बाजूस चिकटवला. एकही प्रत दुसरीसारखी नव्हती. इतक्या जिव्हाळ्यानं केलेली वस्तू वाचक जपून ठेवणारच. तरी 'रॉ'ची खरी ओढ होती दुसऱ्या अंकापासून आत जोडलेल्या एका लहानशा पुस्तिकेची. स्पीगलमन यांच्याच 'माउस'चं एकेक प्रकरण तिथे येत गेलं. त्याच 'माउस'ला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

आता आपल्या देशाकडे पाहू. भरत मूर्ती यांनी २०१० मध्ये 'कॉमिक्स.इंडिया' काढलं आणि मागणीनुसार प्रती छापण्याची वाट धरली. भांडवल अडकण्याची चिंता मिटली. पण अशी प्रत मागवायला आधी ती अस्तित्वात आहे हे वाचकाला ठाऊक असावं लागतं. दुकानात सहज चाळताना ती हाती लागत नाही. २०१२ मध्ये ओरिजित सेन, सारनाथ बॅनर्जी, विश्वज्योती घोष, परिस्मिता सिंग आणि अमिताभ कुमार यांच्या 'पाओ' गटाचं संकलन पेंग्विननं छापलं. प्रकाशक मोठा होता, चित्रकार कसलेले होते. नव्हता तो नियमित येणारा पुढचा अंक. २०१३ मध्ये घोष यांनीच संपादित केलेलं 'धिस साइड दॅट साइड' आलं. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या लेखक-चित्रकारांनी त्यात फाळणीच्या गोष्टी सांगितल्या. इथे एका विषयानं सगळ्या हातांना एका धाग्यात ओवलं होतं. प्रत्येक गोष्टीत शैली बदलली तरी वाचक कशासाठी वाचतोय हे त्याला माहीत होतं.

यातून मला एवढंच दिसतं: चांगल्या गोष्टी एकत्र बांधल्या म्हणजे संकलनाला वाचक लाभत नाही. वाचकाला पुढच्या अंकाची ओढ लागावी लागते, ठरल्या वेळी अंक यावा लागतो आणि तो अंक हातोहात फिरावा लागतो.

या तिन्ही गोष्टी मराठी माणसाला नवीन नाहीत. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून आपण दर वर्षी संकलनंच वाचत आलो आहोत. निम्मे लेखक अनोळखी असले तरी संपादकावर विश्वास टाकून अंक घेतो. गावोगावची वाचनालयं दिवाळी अंकांची योजना चालवतात आणि तुटपुंज्या वर्गणीत एकच प्रत महिनोन्‌महिने घरोघर फिरते. ज्या प्रतीचे पैसे एकानं मोजले, ती पुढे अनेकांच्या वाचनात येते. शिवाय हा वाचक चित्रांना बिचकणारा नाही. शि. द. फडणीसांची शब्दावाचून बोलणारी मुखपृष्ठं, वसंत सरवट्यांची व्यंगचित्रं आणि 'आवाज'ची खिडकीचित्रं यांनी त्याची नजर कधीच घडवली आहे.

म्हणून दोन गोष्टी कळकळीनं सांगाव्याशा वाटतात. संकलन काढणाऱ्या मित्रांनी देखण्या, महागड्या एकाच खंडात सगळी शक्ती ओतू नये. काळ्या-पांढऱ्यात, स्वस्त कागदावर का होईना, तिमाही काढावी. तिच्यात एक दमदार क्रमशः गोष्ट ठेवावी आणि नवख्यांना तिच्या आधारानं उभं करावं. वर्गणीदार गोळा करताना वाचनालयांचे उंबरे आधी झिजवावेत.

दुसरं सांगणं दिवाळी अंकांच्या संपादकांना आहे. सोळा पानांचा एक फॉर्म दर वर्षी प्रौढांसाठीच्या कॉमिक्सला द्या. कथेला देता तसं मानधन द्या, अनुक्रमणिकेत कथेच्या बरोबरीनं नाव छापा आणि चित्रकार निवडताना कथाकार निवडतानाची चोखंदळ नजर ठेवा. कथेसाठी, कवितेसाठी, व्यंगचित्रासाठी वाचक घडवण्याचं काम या अंकांनी शंभरहून अधिक वर्षं केलं आहे. कॉमिक्ससाठीही ते त्यांना करता येईल, आणि ते करण्याची ताकद असलेली दुसरी संस्था आज मराठीत मला दिसत नाही.