कापसाच्या वतीने कोण विचारणार?

नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ साली स्थापन झाली. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र उभं राहिलं ते १९९७ मध्ये, म्हणजे २१ वर्षांनी. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९चं, परभणीचं १९७२चं. दोन्हीकडे कापसावर वर्षानुवर्षं काम चालत आलं आहे. संस्था, शास्त्रज्ञ आणि सरकारी पैसा एवढ्यावरच एखाद्या पिकाचं भलं होत असतं, तर कापूस द्राक्षाच्या पुढे असायला हवा होता. प्रत्यक्षात नाशिक-सांगलीचं द्राक्ष युरोपच्या दुकानांत पोचलं, आणि वर्धा-यवतमाळचा कापूसकरी अजूनही बियाण्याच्या पाकिटावर भिस्त ठेवून पेरणी करतो.

याचं कारण विचारलं की पाण्याकडे बोट दाखवलं जातं. पाण्याचा वाटा मोठा आहेच. पण सांगलीकडचा जत, कवठेमहांकाळ, तासगावचा पूर्व भाग हा काही बारमाही पाण्याचा पट्टा नव्हे. तिथे उन्हाळ्यात टँकरने पाणी घालून बागा जगवल्या गेल्या आहेत. भांडवलाचंही तसंच. बागेला पैसा लागतो हे खरं, पण पैसा आला म्हणून त्या पिकाचं ज्ञानही वाढलं, असं सगळीकडे झालेलं नाही. मला दिसणारं कारण निराळं आहे. द्राक्षाच्या वतीने प्रश्न विचारणारं कोणीतरी सतत जागेवर होतं. कापसाच्या वतीने भाव मागणारे पुष्कळ होते. प्रश्न घेऊन शास्त्रज्ञाच्या दारात उभं राहणारं आणि उत्तर मिळेपर्यंत न हलणारं कोणी नव्हतं. प्रादेशिक विकासाचं आणि नाविन्यतेचं आपलं धोरण हा फरक मोजतच नाही, आणि म्हणून ते पुन्हापुन्हा फसतं.

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ साठच्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला. नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर असे त्याचे चार विभाग. त्याचं मोल बागेत उभं राहिल्यावर कळतं. मणी लांब आणि फुगीर व्हावेत म्हणून द्राक्षाचे घड जिब्रेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवतात. बागाईतदाराच्या तोंडी हे ‘जीए’ आणि ‘डिपिंग’. मजूर मगात द्रावण घेऊन ओळीने चालतो, एकेक घड बुडवून काढतो आणि हलकेच झटकतो. मणी बाजरीएवढा असताना बुडवायचं की ज्वारीएवढा झाल्यावर, किती पीपीएमचं द्रावण, आभाळ आलं असेल तर थांबायचं का, विरळणी आधी की नंतर? या प्रश्नांची उत्तरं कॅलिफोर्नियाच्या पुस्तकांत मिळणारी नव्हती. तिथे वेल हिवाळ्यात झोपते. इथे ती झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशी वर्षाला दोनदा तिच्यावर कात्री चालवावी लागते. उत्तरं इथेच, शेकडो बागांत, एकमेकांचं पाहून, एकमेकांचं नुकसान डोळ्यांनी बघून शोधली गेली. तासगाव भागात थॉमसन या वाणाच्या वेलीवर वेगळ्या मण्यांची काडी दिसली, ती जपली गेली, वाढवली गेली आणि ‘तास-ए-गणेश’ हा वाण झाला. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ निवडला. वेगळी काडी नजरेला पडणं ही एका माणसाची हुशारी. ती चार विभागांत पोचवणं, पारखून घेणं, तिच्यातले दोष उघड बोलणं हे संघटनेचं काम. चर्चासत्रांतून आणि शिवारफेऱ्यांतून ते होत राहिलं. पाणी खारट होत गेलं तेव्हा डॉगरीज खुंटावर कलम करण्याचा मार्गही याच वाटेने बागांत रुळला.

या व्यवस्थेची परीक्षा २०१० साली झाली. युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. बाजारात हे लिहोसिन. शेंड्याची वाढ आवरण्यासाठी आणि काडीत घड धरावेत म्हणून ते वापरलं जाई. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर बंदरांत अडकले, बागाईतदारांचं अतोनात नुकसान झालं. दुसऱ्या एखाद्या पिकात एवढ्यावर नुकसानभरपाईच्या मोर्चापाशी गोष्ट संपली असती. इथे तसं झालं नाही. औषध तपासणीच्या यादीत आलं, मांजरीच्या केंद्राने वापरायच्या औषधांचं आणि काढणीपूर्व काळाचं वेळापत्रक अधिक काटेकोर केलं, आणि कोणत्या दिवशी काय फवारलं याची नोंद ठेवणं निर्यातीच्या बागेत अंगवळणी पडलं. चूक घडली तेव्हा तिची जबाबदारी घेणारी, तिच्यातून शिकणारी यंत्रणा आधीपासून उभी होती. प्रादेशिक नाविन्यता म्हणतात ती मला अशा जागी दिसते.

आता कापसाकडे वळू. १९७२ साली राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. तेव्हापासून कापसाचं राजकारण खरेदी, भाव, चुकारे आणि तूट याभोवती फिरत राहिलं. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने विदर्भात प्रचंड ताकद उभी केली. तो लढा न्याय्य होता, आणि तंत्रज्ञान निवडण्याचं स्वातंत्र्यही त्या संघटनेने हिरिरीने मागितलं. पण कोणतं तंत्रज्ञान, कोणत्या जमिनीसाठी, हे स्वतःच्या प्लॉटवर पारखून सांगणारी कापूस उत्पादकांची कायमची यंत्रणा काही उभी राहिली नाही. परभणी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राचा ‘एनएचएच ४४’ हा संकरित वाण मराठवाडा-विदर्भात घरोघरी पोचला होता. पण २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि बीटीचं जनुक अशा विद्यापीठाच्या वाणातून न येता खासगी कंपन्यांच्या संकरित बियाण्यांतून आलं. बोंडअळीवर सुरुवातीला त्याचा उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विदर्भातल्या कोरडवाहू, हलक्या जमिनीचा प्रश्न वेगळा होता. पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो, मुरमाड जमिनीत ओल टिकत नाही; तिथे बोंडं लवकर धरणारा, कमी दिवसांचा, दाट पेरता येणारा आणि शक्यतो घरचं बी राखता येणारा सरळ वाण हवा होता. नागपूरच्या संस्थेने या दिशेने कामही केलं. ते शिवारात फारसं का पोचलं नाही? कारण दरवर्षी विकता न येणारं बियाणं पोचवण्यात कोणत्याही विक्रेत्याचा फायदा नव्हता, आणि ते मागणारी संघटित शक्ती दुसऱ्या बाजूला नव्हती.

२०१७च्या हंगामात याची किंमत उघडी पडली. गुलाबी बोंडअळी बीटीला न जुमानता राज्यभर पसरली, आणि त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. डोक्याच्या वर वाढलेल्या पऱ्हाटीत, घामाने भिजलेल्या अंगाने, पाठीवर पंप घेऊन दोन-तीन औषधांचं मिश्रण मारताना माणसं मेली. कोणतं औषध कशात मिसळू नये, उंच वाढलेल्या पिकात फवारावं की नाही, हे प्रश्न माणसं मरण्याआधी कित्येक वर्षं शिवारातच विचारले जायला हवे होते. ते तसे विचारले गेले नाहीत, याचा मला आजही संताप येतो.

राज्याचं धोरण या काळात काय मोजत होतं? १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पाडून करसवलती आणि अनुदानं दिली जातात. १९८४ साली दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला: रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. ३० एप्रिल २०२०ला त्यांची मुदत संपली. २०१३ मध्ये विजय केळकर समितीने समतोल विकासाचा नव्याने विचार मांडला. ही सगळी मेहनत प्रामाणिक होती आणि अनुशेष खराच होता. पण या सगळ्या मोजमापात गुंतवणूक मोजली जाते, बांधकाम मोजलं जातं. एखाद्या प्रदेशातल्या उत्पादकांना स्वतःचा प्रश्न मांडून त्याचं उत्तर शोधून घेण्याची जी ताकद लागते, तिचा अनुशेष कोणी मोजला नाही. ड+ तालुक्यात कारखाना सवलतीसाठी येतो आणि सवलत संपली की त्याला तिथे राहण्याचं कारण उरत नाही. २०१८च्या स्टार्टअप धोरणाने तरुणांसाठी काही दारं उघडली, ती मोलाची आहेत. तरी विदर्भातले अनेक तरुण पुण्याला येऊनच ती ठोठावतात.

इथे शाश्वततेचा मुद्दा येतो, आणि माझ्याच मांडणीतली अडचणही. प्रश्न विचारणारी मजबूत संघटना असली की सगळं नीट होतं, असं मी म्हणत असेन तर उसाचं काय? लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास सहकारी कारखाना उभा केला, १९७५ मध्ये कारखान्यांनी मिळून मांजरीला ऊस संशोधनाची स्वतःची संस्था काढली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. देशात दुसऱ्या कुठल्याही पिकाच्या उत्पादकांनी ज्ञानाची एवढी मोठी उभारणी स्वतःच्या वर्गणीतून क्वचितच केली असेल. एकरी टनेज वाढलं, उतारा सुधारला. आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं, त्या मराठवाड्यातही ऊस उभा होता.

संघटना तोच प्रश्न विचारते ज्याचा चटका तिच्या सभासदांना बसतो. याचा पुरावा उसातच सापडतो. शिरोळ तालुक्यात पाण्याच्या अतिरेकाने आणि निचरा नसल्याने जमिनी क्षारपड झाल्या, वर पांढरा थर आला, ऊस पिवळा पडून जळू लागला. जमीन सभासदांची होती. म्हणून दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र करून जमिनीखाली सच्छिद्र पाइपांची जाळी टाकली, खारं पाणी बाहेर काढलं आणि पडीक झालेल्या शेतांत पुन्हा पीक आणलं. एका शेतकऱ्याला हे एकट्याने करता येत नाही, कारण त्याचा निचरा शेजाऱ्याच्या बांधातून जातो. जमिनीचा प्रश्न सुटला. पाणी मात्र सगळ्या खोऱ्याचं असतं. ते कमी पडलं तर तहान लागते ती कारखान्याचा सभासद नसलेल्याला. तो प्रश्न कारखाना विचारणार नाही. तो सरकारनेच टेबलावर ठेवला पाहिजे: संशोधनाला आणि विस्ताराला पैसा मिळेल, पण टनाच्या जोडीला घनमीटरचा हिशेब द्यावा लागेल. द्राक्षालाही हेच लागू आहे. खोल गेलेल्या बोअरवेल आणि हंगामातल्या फवारण्यांची संख्या हे बागेचं देणं आहे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९च्या अवकाळी पावसाने दाखवून दिलं की हवामानही जुन्या वेळापत्रकाला बांधील राहिलेलं नाही.

हे सगळं बागाईतदारांनाच जमतं, गरिबाला जमत नाही, असा आक्षेप येईल. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने त्याचं उत्तर दिलं आहे. धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावात अभ्यास गट होता. जंगल, मध, बांबू, कायदा यांवर गावकरी बाहेरच्या जाणकारांसह बसून चर्चा करत आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेत. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून गाव स्वतःचा बांबू विकू लागलं. बांबू किती तोडायचा, कसा तोडायचा, म्हणजे बेट टिकेल, हा प्रश्न तिथे विक्रीच्या आधी विचारला गेला. पैसा नव्हता, सवलत नव्हती. एकत्र बसून विचारण्याची सवय होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रोत्साहन योजनेवर राज्य जो पैसा खर्च करतं, त्यातला एक हिस्सा उत्पादकांच्या संघटनांनी चालवलेल्या प्रयोगांसाठी राखून ठेवावा. सभासद जेवढी वर्गणी काढतील तेवढीच भर सरकारने घालावी, म्हणजे कागदी संघटना आपोआप गळतील. कृषी विद्यापीठांतली रिक्त पदं भरावीत, आणि शास्त्रज्ञाच्या बढतीत त्याने शिवारातल्या किती प्रश्नांची उत्तरं दिली याला वजन द्यावं. एक वाण घडायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणून हा निधी दरवर्षीच्या अंदाजपत्रकात झुलता राहू नये.

आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना एक विनंती. आज तुमच्यापैकी बहुतेक जण खत-बियाण्याच्या विक्रीत आणि मालाच्या खरेदीत गुंतलेले आहात. पुढच्या खरिपात दहा कंपन्यांनी मिळून प्रत्येकी दोन एकर हलकी जमीन बाजूला काढा. तिथे कमी दिवसांचे सरळ वाण दाट पेरा, शेजारी नेहमीचं संकरित बी लावा, खर्च, फवारण्या आणि वेचणीचा कापूस वहीत लिहा, आणि ती वही घेऊन अकोल्याला, नागपूरला जा. उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.