परक्या मैदानावरची निष्ठा

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातून इंटरस्टेट ८० हा महामार्ग ओमाहा आणि डे मॉइन ही शहरं मागे टाकत आयोवा सिटीकडे जातो. लिंकन ते आयोवा सिटी हे अंतर साधारण ४९० किलोमीटर. लिंकनमध्ये नेब्रास्का विद्यापीठ आहे आणि त्याच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचं त्या राज्याला विलक्षण वेड आहे. संघाचा सामना आयोवात असला, की लाल शर्ट घातलेली मंडळी भाड्याची बस करून निघतात. पाच तास जायचं, पाच तास यायचं आणि मध्ये दोन-अडीच तासांचा खेळ. तोच सामना घरी टीव्हीवर दिसतो, आणि बऱ्याचदा जास्त स्पष्ट दिसतो. प्रेक्षकांच्या हातात चेंडू नसतो, त्यांच्या खात्यावर एकही गुण लागत नाही. मग ही माणसं जातात कशासाठी? आणि त्यांचं जाणं ही निष्ठा म्हणायची, की नुसती कळपाची ओढ?

प्रश्न खेळाच्या पानावरचा वाटतो, पण तो एका तत्त्वज्ञाला गंभीरपणे पडला होता. जोसाया रॉइस हे हार्वर्डचे प्राध्यापक. १९०८ मध्ये त्यांचं ‘द फिलॉसॉफी ऑफ लॉयल्टी’ हे पुस्तक आलं. माणूस स्वतःहून एखादं कार्य निवडतो, त्याला पूर्णपणे वाहून घेतो आणि ती निवड रोजच्या कृतीतून जगतो, तेव्हा त्याच्या आयुष्याला आकार येतो, असं त्यांचं म्हणणं. नुसतं मनातलं प्रेम त्यांच्या लेखी निष्ठा नव्हे. हात-पाय हलवावे लागतात, वेळ खर्चावा लागतो.

योगायोग असा, की रॉइस यांच्या घराण्याची गोष्ट याच रस्त्याच्या आसपासची आहे. त्यांची आई सेरा रॉइस १८४९ मध्ये नवरा आणि लहानगी मुलगी यांच्यासह बैल जुंपलेल्या गाडीतून आयोवाहून कॅलिफोर्नियाला निघाली. मिझुरी नदी ओलांडून प्लॅट नदीच्या काठाकाठानं, म्हणजे आजच्या नेब्रास्कामधून ती पश्चिमेकडे गेली. जोसायाचा जन्म १८५५ मध्ये ग्रास व्हॅली या खाणकामगारांच्या गावात झाला. ज्या गावात प्रत्येक जण सोनं शोधायला आलेला आणि कुणीच कुणाचा नाही, तिथं वाढलेल्या मुलानं पुढं आयुष्यभर माणसांना बांधून ठेवणाऱ्या गोष्टीचा विचार केला, यात नवल नाही.

या रॉइस यांना प्रेक्षक मात्र फारसे मानवत नव्हते. खेळाडू संघासाठी झिजतो, नियम पाळतो, हरल्यावर हात मिळवतो. म्हणून मैदान ही निष्ठेची शाळा आहे, हे त्यांना मान्य होतं. बिघाड होतो तो बाहेरच्यांमुळे, असं त्यांचं मत. ज्यांचा खेळाशी काडीचा संबंध नाही असे हजारो लोक कॉलेजच्या मुलांना नको इतकं डोक्यावर घेतात आणि त्या गदारोळात शाळेचा बाजार होतो. काळ लक्षात घेतला, तर त्यांची तक्रार समजते. १९०५ च्या हंगामात अमेरिकी फुटबॉलमध्ये इतकी मुलं दगावली, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्ये पडावं लागलं. आज कॉलेज खेळांचं नियमन करणारी एनसीएए ही संस्था त्या गोंधळातूनच १९०६ मध्ये, सुरुवातीला वेगळ्या नावानं, उभी राहिली.

तेव्हा बसमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला रॉइस यांच्या आक्षेपाचं उत्तर द्यावं लागेल. खेळायचं नाही, तर तुम्ही तिथं कोण?

व्हॉलीबॉलच्या बाबतीत उत्तराचा एक भाग इतिहासातच आहे. हा खेळ १८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक इथं वायएमसीएच्या विल्यम मॉर्गन यांनी तयार केला. बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या, वयानं थोराड सभासदांना झेपेल असा खेळ त्यांना हवा होता. वायएमसीए ही ख्रिस्ती संस्था. शरीर, मन आणि आत्मा या तिन्हींची जोपासना व्हावी, म्हणून तिनं त्रिकोणाचं बोधचिन्ह घेतलेलं. भारतातही हा खेळ वायएमसीएच्याच वाटेनं आला. दोन संघांच्या मध्ये जाळं असल्यामुळे अंगाला अंग भिडत नाही. प्रतिस्पर्ध्याला पाडून जिंकायची सोयच इथं नाही.

मुलींच्या कॉलेज व्हॉलीबॉलची कथा तर प्रेक्षकांशिवाय सांगताच येत नाही. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ चा. एनसीएएनं मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली १९८१ मध्ये. कायद्यानं संघ मिळाले, बाक भरून मिळाले नाहीत. ते माणसांनी येऊन भरले. नेब्रास्काचे घरचे सामने २००१ पासून सलग ‘हाउसफुल’ आहेत. संघ आधी चारेक हजार आसनांच्या सभागृहात खेळायचा, २०१३ मध्ये त्याच्या दुप्पट मोठ्या जागेत गेला. ३० ऑगस्ट २०२३ रोजी लिंकनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये नेब्रास्का आणि ओमाहा यांच्यातला सामना पाहायला ९२,००३ लोक आले. महिलांच्या खेळासाठीचा तो विक्रम म्हणून नोंदला गेला. १९०५ च्या फुटबॉलला गर्दी जास्त झाली होती. मुलींच्या खेळाला ती कधी मिळालीच नव्हती. तिथं येऊन बसणं हीच एक कृती होती, आणि ती रॉइस यांच्या व्याख्येत बसते.

पण घरच्या मैदानावर निष्ठा सोपी असते. सगळे आपलेच असतात. कस लागतो तो परक्या मैदानावर आणि त्याआधी, बसची यादी करताना.

यादी करणाऱ्याला हा सगळा प्रश्न हिशेबाच्या रूपात भेटतो. मोठ्या बसमध्ये पन्नास-पंचावन्न जागा. भाडं पूर्ण बसचं, माणशी नव्हे. चाळीसच जण आले, तर उरलेल्या जागांचा भार त्या चाळिसांवर. म्हणून आगाऊ रक्कम घ्यायची, शेवटची तारीख ठरवायची, पाहुण्यांच्या बाजूची तिकिटं एकगठ्ठा मागायची, ऐन वेळी कुणी गळालं तर बदली माणूस हाताशी ठेवायचा. त्यात व्हॉलीबॉलला घड्याळ नसतं. तीन सेटमध्ये आटपला तर दीड तास, पाच सेट चालला तर अडीच तास किंवा त्याहून जास्त.

इथं चालकाचा विषय येतो. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार प्रवासी बसच्या चालकाला सलग आठ तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवता येते आणि कामाचे एकूण पंधरा तास भरले, की स्टिअरिंगला हात लावता येत नाही. लिंकन-आयोवा सिटीचा हिशेब मांडून पाहावा. जाताना पाच तास, सामन्याआधी तासभर, पाच सेट झाले तर अडीच तास, पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत आणखी तास, परतीचे पाच. थांबलेला वेळही कामातच धरला, तर बेरीज साडेचौदा. वाटेत बर्फ लागला किंवा रस्ता तुंबला, की नियम मोडायची वेळ येते. मग दोनच मार्ग उरतात. चौथा सेट संपताच उठायचं, नाहीतर प्रत्येकानं थोडे जास्त पैसे घालून दुसरा चालक घ्यायचा.

हा निर्णय बस सुटण्याआधीच जाहीर करावा लागतो. पाचव्या सेटमध्ये १३-१३ असताना पन्नास माणसं काय म्हणतील, हे सांगायची गरज नाही. चालकाला नेब्रास्काचं प्रेम असेलच असं नाही. तो आपलं काम करायला आलेला आहे. पन्नास जणांचा उत्साह त्याच्या झोपेच्या जिवावर उभा राहत असेल, तर रॉइस यांची तक्रार खरी ठरते. त्यांनी निष्ठेला एक कसोटी लावली होती. आपली निष्ठा अशी हवी, की तिच्यामुळे इतरांना त्यांच्या कार्याशी निष्ठावान राहणं सोपं व्हावं. जी निष्ठा दुसऱ्याची निष्ठा मोडून जगते, ती त्यांच्या मते अनिष्टच. ही कसोटी सर्वात आधी चालकाच्या बाबतीत लागते आणि तिचं उत्तर दुसऱ्या चालकाच्या पगारात द्यावं लागतं.

दुसरी परीक्षा बसच्या आतली. एकत्र प्रवासानं माणसं जवळ येतात, असं सगळेच मानतात. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांनी १९१२ मध्ये सामूहिक उत्साहाला धर्माच्या मुळाशी बसवलं. मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी १९७० च्या दशकात तीर्थयात्रांचा अभ्यास करताना मांडलं, की यात्रेच्या वाटेवर रोजची उतरंड सैल होते आणि माणूस माणसाला नुसता माणूस म्हणून भेटतो. या मांडणीत त्यांना पंढरपूरच्या वारीचाही विचार करावा लागला, आणि त्यासाठी त्यांच्यासमोर इरावती कर्वे यांचा लेख होता. ‘परिपूर्ती’ या त्यांच्या पुस्तकातला ‘वाटचाल’ हा तो लेख १९६२ मध्ये इंग्रजीत आला. इरावतीबाई वारीत चालल्या होत्या. भजनानं, चालण्यानं एक झालेली माणसं त्यांनी पाहिली, आणि जेवायची वेळ झाली की तीच माणसं जातीप्रमाणे वेगळ्या चुलींवर, वेगळ्या पंगतींत बसलेलीही पाहिली. ते त्यांना डाचलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. टर्नर यांच्या सिद्धांताला हा मोठा प्रश्न होता. वाट आपोआप कुणाला एक करत नाही. चूल कुठं मांडायची, हे कुणीतरी ठरवत असतं.

बसमध्ये हे ठरवणारा म्हणजे यादी करणारा. विद्यापीठाला मोठ्या देणग्या देणारे माजी विद्यार्थी, निवृत्त शिक्षिका, दोन मुलींना घेऊन आलेली आई, खिशात मोजके पैसे असलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, हे सगळे लाल शर्टात सारखे दिसतात. पण पुढच्या जागा जास्त पैशांना विकल्या, तिकिटं तीन दरांची घेतली, जेवणाचा थांबा महागड्या हॉटेलवर ठेवला, की लाल शर्टाखाली इरावतीबाईंनी पाहिलेली पंगत पुन्हा मांडली जाते. सर्वांना एक दर, जागा आल्या क्रमानं, थांबा अशा ठिकाणी की घरून डबा आणलेल्यालाही संकोच वाटू नये: इतकं केलं तरी पुष्कळ होतं.

तिसरी परीक्षा सभागृहातली. सर्व्हिस करणारी मुलगी शेवटच्या रेषेमागे एकटी उभी असते. शिट्टी होते आणि मोजक्या सेकंदांत तिला चेंडू उडवावा लागतो. तिच्या पाठीमागे, काही हातांवर, प्रेक्षक. ती अठरा ते बावीस वर्षांची, दुसऱ्या दिवशी तासाला बसणारी विद्यार्थिनी. तिचा चेंडू जाळ्यात जावा म्हणून ओरडायला कुणाची बंदी नसते. दूरवरून आलेल्या पाहुण्यांच्या कोपऱ्यातून तो आवाज आला, तर यजमानांच्या मनात त्या संघाचं नाव त्या आवाजाशी जोडलं जातं. लांबलेली रॅली समोरच्यांनी जिंकली आणि पाहुण्यांच्या कोपऱ्यातून टाळ्या आल्या, तर तेही लक्षात राहतं. नेब्रास्काच्या फुटबॉल स्टेडियममध्ये मैदान सोडणाऱ्या पाहुण्या संघाला घरचे प्रेक्षक टाळ्या देतात, ही तिथली जुनी रीत. घरून बाहेर पडताना ती रीत बसमध्ये सोबत नेणं एवढंच करायचं असतं.

आणि सर्वात अवघड परीक्षा हरल्यावरची. १९ डिसेंबर २०२४ ला केंटकी राज्यातल्या लुईव्हिल इथं राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेब्रास्का पेन स्टेटविरुद्ध दोन सेटनं पुढं होती. चौथ्या सेटमध्ये २२-१६ अशी आघाडी होती. तिथून पेन स्टेटनं सेट ओढून आणला आणि पाचव्यात सामना घेतला. लिंकन ते लुईव्हिल सुमारे साडेअकराशे किलोमीटर, एका चालकाच्या दिवसभराच्या मर्यादेपलीकडे. उपांत्य फेरी गुरुवारी, अंतिम सामना रविवारी. अशा ठिकाणी बस काढणाऱ्यापुढे प्रश्न असतो: आपला संघ बाहेर पडला, आता शुक्रवारी सकाळी निघायचं, की तीन रात्री थांबून दुसऱ्यांचा सामना पाहायचा?

रॉइस यांनी हरलेल्या कार्यांबद्दल बरंच लिहिलं आहे. कार्य हातचं गेल्यावर माणसाला कळतं, की आपण एका निकालापेक्षा मोठ्या कशाला बांधलेले होतो. निष्ठा तिथं परिपक्व होते, असं ते म्हणत. इथं ते मोठं म्हणजे काय, याचं उत्तर रविवारी मिळालं. अंतिम सामन्याला २१,८६० प्रेक्षक होते, स्पर्धेच्या इतिहासातले सर्वाधिक. पेन स्टेट आणि यजमान लुईव्हिल या दोन्ही संघांच्या मुख्य प्रशिक्षक स्त्रिया. १९८१ पासून एकाही स्त्री प्रशिक्षकानं हे अजिंक्यपद मिळवलं नव्हतं. त्या दिवशी ते पेन स्टेटच्या केटी शूमाकर-कॉली यांनी मिळवलं, त्याच हंगामात स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत असताना. हरलेल्या बाजूला उभ्या होत्या डॅनी बुसबूम केली, मूळच्या नेब्रास्काच्या, २००६ मध्ये याच लाल शर्टात अजिंक्यपद जिंकलेल्या खेळाडू. महिनाभरानं, जानेवारी २०२५ मध्ये, नेब्रास्काचे प्रशिक्षक जॉन कुक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी बुसबूम केली यांची नेमणूक झाली.

शुक्रवारी निघण्यात काही चूक नाही. कुणाला नोकरी असते, कुणाची मुलं घरी असतात. पण हा निर्णय गुरुवारी रात्री, हरल्याच्या दुःखात, हात वर करून होऊ नये. बसच्या पहिल्याच पत्रकात, आगाऊ रक्कम मागताना, तीन ओळी असाव्यात: बस अंतिम सामन्यानंतर सोमवारी सकाळी निघेल, अंतिम फेरीत कुणीही असो. आधी परतायचं असेल त्यांनी आताच सांगावं, म्हणजे त्यांची सोय पाहता येईल. चालक दोन आहेत आणि त्यांच्या मुक्कामाचा खर्च दरात धरला आहे.