परवाना आणि पापपुण्य

‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण मराठवाड्यांत सर्वश्रुत आहे. आज या पाळण्यांत सोन्यापेक्षां लोखंडाचाच भार अधिक आहे. भंगार लोखंड विजेच्या भट्ट्यांत वितळवून इमारतीच्या सळया करणारे कारखाने येथें उभे आहेत. भट्टी म्हटली कीं धूळ व धूर आलाच. तो किती सोडावा आणि कोणाच्या अनुमतीनें, एवढाच प्रश्न उरतो.

कायद्यानें त्याचें उत्तर दिलें आहे. जलप्रदूषणाचा १९७४ चा आणि वायुप्रदूषणाचा १९८१ चा, अशा दोन कायद्यांप्रमाणें कारखाना उभारण्यापूर्वीं एक व चालविण्यापूर्वीं दुसरें, अशीं संमतिपत्रें महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यावीं लागतात. १९८४ सालच्या भोपाळच्या अनर्थानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा त्यांत येऊन मिळाला.

आतां कोणी म्हणेल, ‘संमतिपत्र हातीं आहे, मग आमच्याकडे दोष कसला?’ आम्हांस हा युक्तिवाद लंगडा वाटतो. न्यायालयानें ऋणकोस हप्ते बांधून दिले, म्हणून त्याचें ऋण फिटत नाहीं. हवा ही मंडळाच्या मालकीची वस्तु नव्हे. शेजारच्या वस्तींतील मुलाबाळांच्या वतीनें मंडळ तिचें केवळ विश्वस्त आहे. विश्वस्तानें मर्यादा आंखून दिली, हक्क विकला नाहीं. १९९६ सालीं तामिळनाडूंतील चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यांत, प्रदूषण करणारानेंच त्याची भरपाई करावी, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें मान्य केलें, तें याच न्यायानें.

उद्योजकाची बाजूही पोकळ नाहीं. वारंवार अवर्षण सोसणाऱ्या या जिल्ह्यांत शेत सुकलें म्हणजे मजुराची चूल कारखान्यावर पेटते. आणि कागद कचेरींत अडला तर तीही विझते. म्हणून नियम स्पष्ट असावे व निर्णय वेळेवर व्हावा, ही मागणी रास्त आहे. परंतु ज्या मजुराच्या भाकरीची सबब आपण सांगतों, तोच तो धूर प्रथम गिळतो, हें विसरून चालणार नाहीं.

शिवाय धूळ धरणारें यंत्रही विजेवर चालतें. मध्यरात्रीं तें बंद ठेवल्यास खर्च वांचतो, आणि त्या वेळीं पाहावयास कोणी अधिकारी नसतो. तेथें कायदा संपतो व मनुष्याचा सदसद्विवेक तेवढा जागा राहतो.

आणि आपण सुशिक्षित गृहस्थ? घर बांधतांना आपण सळईचा भाव विचारतों; तो भाव उतरविण्यासाठीं कोणाच्या श्वासांतून किती कापलें गेलें, हें विचारीत नाहीं. या स्वस्ताईचा परवाना आपणांस कोणीं दिला?