सांगून केलेली दुरुस्ती

पुण्याहून नगर रस्त्याने शिरूरकडे जाताना रांजणगाव लागते. तिथे अष्टविनायकांतला महागणपती आहे आणि औद्योगिक वसाहतीतले कारखानेही आहेत. त्यांपैकी फियाटच्या कारखान्यात तयार झालेली अबार्थ पुंतो ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली. दिसायला घरगुती हॅचबॅक, पण आत १.४ लिटरचे टर्बो इंजिन आणि १४५ अश्वशक्ती. शिरूर तालुक्यात जन्मलेली स्पोर्ट्स कार म्हणता येईल अशी ती गाडी. अशी गाडी माणूस गरजेपोटी घेत नाही, हौसेने घेतो, आणि तिच्या रंगाची झळाळी हा त्या हौसेचाच भाग असतो. अशा कोणत्याही नव्या गाडीच्या रंगात खोट निघाली की तीन प्रश्न उभे राहतात. खोट कोणाची, ती भरून कोणी द्यायची आणि भरून दिली तर तसे सांगायचे की नाही? पहिल्या दोन प्रश्नांवर वॉरंटीच्या पुस्तिकेत पानेच्या पाने असतात. तिसऱ्यावर बहुतेक कोणी बोलत नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रंगात खोट राहणे हा गुन्हा नाही. ती दुरुस्त करणे हे कर्तव्य आहे. पण दुरुस्ती करून ती लपवणे ही फसवणूक आहे, मग काम कितीही सफाईदार असो आणि खोट कितीही लहान असो. सांगण्याची जबाबदारी खोटीच्या आकारावर ठरत नाही, खोट कोणाला माहीत आहे यावर ठरते.

हे समजायला गाडीचा रंग कसा चढतो ते आधी पाहिले पाहिजे. उघड्या पत्र्याची बॉडी धुऊन तिच्यावर फॉस्फेटचा थर देतात. मग ती टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. एवढ्याशा जाडीत कधी धुळीचा कण अडकतो, कधी ओघळ येतो, कधी पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो, तर कधी पत्र्याचा दरवाजा आणि प्लॅस्टिकचा बंपर यांच्या छटा उन्हात वेगळ्या दिसतात. कारखान्यात हा रंग भट्टीत सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजता येतो, कारण त्या वेळी बॉडी म्हणजे नुसता पत्रा असतो. गाडी पूर्ण झाल्यावर ते शक्य नसते. आत वायरिंग, रबर, सीट, पेट्रोलची टाकी असे सगळे बसलेले असते. त्यामुळे वर्कशॉपच्या बूथमध्ये वेगळ्या प्रकारचा रंग मारतात आणि तो साधारण ६० अंशांवर वाळवतात. कसबी पेंटर छटा इतकी बेमालूम जुळवतो की डोळ्याला काही कळत नाही. तरीही तो रंग दुसरा असतो. जुनी गाडी घेणारा जाणकार जाडी मोजायचे यंत्र पत्र्याला लावून पाहतो तो म्हणूनच. एका दरवाजावर ११० आणि शेजारच्यावर २५० आकडा आला की दुसऱ्यावर नंतर हात फिरला आहे हे त्याला कळते. खाली लांबी भरलेली असेल तर आकडा आणखी किती तरी वर जातो. नव्या गाडीच्या गिऱ्हाइकाच्या हातात मात्र असे यंत्र नसते. तो ‘नवी’ या शब्दावर विश्वास ठेवून पैसे मोजतो.

या विश्वासाचे काय होऊ शकते ते अमेरिकेतल्या एका खटल्याने जगाला दाखवले. जानेवारी १९९० मध्ये अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या एका डॉक्टरांनी काळी बीएमडब्ल्यू ५३५आय ही स्पोर्ट्स सेडान ४०,७५० डॉलरना घेतली. नऊ महिने त्यांना काहीच खटकले नाही. गाडी आणखी चकाचक करून घ्यावी म्हणून ते कारागिराकडे गेले, तेव्हा त्याला ती पुन्हा रंगवल्याच्या खुणा दिसल्या. कोर्टात उघड झाले की, जर्मनीहून येताना बहुधा आम्लपावसामुळे तिचा रंग बिघडला होता आणि कंपनीने सुमारे ६०१ डॉलर खर्चून छत, बॉनेट, डिकी आणि बाजूचे पत्रे पुन्हा रंगवले होते. १९८३ पासून कंपनीचे धोरणच तसे होते. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांहून जास्त नसेल तर विक्रेत्यालाही न सांगता गाडी नवी म्हणून विकायची. इथे खर्च दीड टक्का होता. अशा ९८३ गाड्या देशभर विकल्या गेल्या होत्या. ज्युरीने ४,००० डॉलर नुकसानभरपाई आणि वर ४० लाख डॉलर दंड ठोठावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड निम्म्यावर आणला आणि २० मे १९९६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तोही अवाजवी ठरवला. शेवटी तो ५०,००० डॉलरवर स्थिरावला. पण त्याआधीच, ज्युरीच्या निकालानंतर काही दिवसांत, कंपनीने कितीही किरकोळ असली तरी प्रत्येक दुरुस्ती सांगायचे धोरण स्वीकारले होते.

तीन टक्क्यांची ही रेषा वरवर पाहता समंजस वाटते. किरकोळ गोष्टींचा बाऊ कशाला करायचा, असा तिच्यामागचा विचार. पण याच खटल्यात एका माजी विक्रेत्याने साक्ष दिली की, पुन्हा रंगवलेल्या गाडीची किंमत नव्या गाडीपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी धरली जाते. म्हणजे दुरुस्तीला लागले सहाशे डॉलर आणि गिऱ्हाइकाचे गेले चार हजार. एखादी गोष्ट कळली तर किंमत उतरते, हेच ती सांगण्याचे सर्वांत बळकट कारण आहे. कारण न सांगितल्याने तेवढी रक्कम गिऱ्हाइकाच्या खिशातून गुपचूप जाते. दौंड आणि शिरूरच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. वीस टन उसाच्या वजनात काट्याने दीड टक्का मारला तर तीनशे किलो ऊस जातो. तीन टक्क्यांच्या आतली तूट आम्ही सांगत नाही, असे कोणी त्याला म्हटले तर तो ऐकून घेईल का? घेणार नाही, आणि घेऊही नये. तूट लहान आहे की मोठी, हे ठरवायचा हक्क ज्याचा माल जातो त्याचा आहे. काटा ज्याच्या ताब्यात आहे त्याचा नाही.

यावर पहिला आक्षेप कारखान्यातून येईल. रंगाच्या विभागात लख्ख दिव्यांखाली प्रत्येक बॉडी तपासतात, कण दिसला की बारीक पेपरने घासून पॉलिश करतात, गरज पडली तर पत्रा पुन्हा रंगाला पाठवतात. हे सगळे गिऱ्हाइकाला सांगत बसायचे का? नाही. ती दुरुस्ती नव्हे, घडवण्याचाच भाग आहे; कुंभार चाकावर असताना मडक्याचा काठ सावरतो, तसा. त्याच भट्टीत, त्याच पद्धतीने, त्याच तपासणीतून गाडी बाहेर पडते आणि मगच ती ‘नवी’ होते. सीमारेषा टक्क्यांत शोधण्यापेक्षा इथे शोधावी. गाडी पूर्ण झाल्यावर वाहतुकीत, गोदामात किंवा शोरूमच्या आवारात तिला काही झाले आणि पुन्हा रंगवावी लागली, तर ती गोष्ट गिऱ्हाइकाला पैसे भरण्याआधी कळली पाहिजे. दुसरा आक्षेप न्यायालयाचाच आधार घेईल आणि म्हणेल की शेवटी कंपनीचेच खरे ठरले. तसे झालेले नाही. न्यायालयाने दंडाचा आकडा अवाजवी ठरवला, लपवणे योग्य ठरवले नाही. तो आकडा अवाजवी होता हे मलाही पटते, कारण रागालाही माप असावे लागते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका खटल्यात म्हटले की, वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची असेल तर तेवढ्यासाठी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. बॉनेटवर एक कण दिसला म्हणून नवी गाडी मागणारा ग्राहकही न्यायाला धरून वागत नाही.

मग सांगायचे कोणी? कंपनी म्हणते विक्रेत्याने, विक्रेता म्हणतो कंपनीने, आणि मध्ये शोरूममधला पोरगा गिऱ्हाइकाच्या शिव्या खातो. गोव्यातल्या एका प्रकरणाने यावर उजेड पडतो. ग्राहकाने २०११ ची गाडी म्हणून पैसे भरले आणि विक्रेत्याने त्याला २००९ मध्ये तयार झालेली, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली गाडी दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला यातून मोकळे केले, कारण विक्रेत्याने केलेल्या या प्रकाराची उत्पादकाला माहिती होती असे पुढे आले नव्हते. या निकालाने ग्राहकाची वाट अवघड केली, असे कोणाला वाटेल. पण त्यामागचे तत्त्व नीतीला धरून आहे: जबाबदारी जाणणाऱ्याच्या मागे जाते. ज्याला माहीत होते तो सुटत नाही, मग तो कंपनीत बसलेला असो की शोरूममध्ये. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानतो. वस्तूच्या गुणवत्तेतली उणीव तो दोष धरतो आणि जो दोष नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही तो प्रयोगशाळेत तपासून घेण्याची सोय देतो. गाडी मुंबईत घेतली असली तरी दौंडचा रहिवासी पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. महागड्या गाडीच्या चकाकीची चिंता वर्तमानपत्राने का वाहावी, इथे पाण्याचे आणि ऊसबिलाचे प्रश्न उभे असताना? पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची सुरुवात केली ती महागाईच्या काळात, रोजच्या संसाराचा विचार करून. स्पोर्ट्स कार त्यात कुठेच नव्हती. तरीही नियम तोच आहे. ज्याच्याकडे वकील आहे, पैसा आहे, त्यालाही रंगाखाली काय दडले आहे ते नऊ महिने कळत नसेल, तर हप्त्यावर ट्रॅक्टर किंवा पिकअप घेणाऱ्याला कसे कळणार? हौशी गाडीच्या निमित्ताने पक्का झालेला नियम पिकअपवाल्याचेही रक्षण करतो.

पण हाच नियम गाडीच्या मालकालाही लागू होतो, आणि तिथे आपण सोयीने विसरतो. उसाच्या हंगामात चौफुला-न्हावरे रस्त्यावर ट्रॉल्यांच्या मागे चालणाऱ्या गाडीला खडे लागतात, उसाचे वाढे घासतात, धुराड्याची राख बॉनेटवर बसते. उडालेले खडे, पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक, कारखान्यांतून येणारी राख आणि रसायने यांमुळे झालेले नुकसान रंगाच्या वॉरंटीत सहसा धरत नाहीत. मग मालक म्हणतो, गाडी अशीच मिळाली होती. सर्व्हिस सेंटर म्हणते, हे बाहेरच्या कारणाने झाले. दोघेही कधी कधी खोटे बोलतात, आणि खरे काय ते पत्र्याजवळ भिंग धरल्यावर बरेचदा दिसते. कारखान्यात अडकलेला कण वरच्या पारदर्शक थराच्या आत असतो, त्याच्या उंचवट्यावरही चकाकी अखंड असते. खड्याने उडालेला टवका वरून फुटलेला असतो, त्याच्या कडा तुटक असतात आणि तळाशी प्रायमर किंवा पत्रा दिसतो. राखेने पडलेला डाग वरून खाली खात जातो; गंजाचा फुगवटा रंग शाबूत ठेवून खालून वर येतो. म्हणून सर्व्हिस सेंटरने नाही म्हणायच्या आधी भिंग धरून मालकाला दाखवावे, आणि मालकाने खड्याचा टवका कंपनीच्या नावावर खपवू नये. खोट्या दाव्यांमुळे प्रत्येक खऱ्या दाव्याकडे संशयाने पाहिले जाते, आणि त्याची किंमत पुढचा प्रामाणिक ग्राहक मोजतो.

फियाटच्या गाड्या आपल्याकडे विकायच्या बंद होऊन काही वर्षे झाली. त्या अबार्थ पुंतो आता हातोहाती फिरत आहेत आणि रंगाच्या वॉरंटीची मुदत केव्हाच उलटली आहे. आता विकणारा मालकच कंपनीच्या जागी आहे. डावा दरवाजा कुरकुंभला घासला होता आणि रंगवून घेतला, हे त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही. हे सांगितले तर भाव पाच-दहा हजारांनी उतरेल. तेवढे पैसे त्याचे नव्हतेच, दरवाजा घासला तेव्हाच ते गेले होते. म्हणून प्रत्येक वर्कशॉपने बिलावर कोणता पत्रा रंगवला ते नावानिशी लिहावे, मालकाने ती बिले गाडीच्या कागदांबरोबर जपावीत आणि गिऱ्हाईक आले की त्याने विचारायच्या आधी पुढे ठेवावीत. ‘हा दरवाजा रंगवलेला आहे’ हे वाक्य व्यवहाराच्या सुरुवातीला बोलले गेले, की पेंटरचे कसब कोणाला फसवायला वापरले जात नाही. ते नुसते चांगले काम राहते.