खरं सांगून दिलेली गोळी

कंबर धरली म्हणून दवाखान्यात गेलेला माणूस आपल्याकडे सहसा इंजेक्शन घेऊनच बाहेर पडतो. कधी ते बी-बारा असतं, कधी सलाईन लावतात. त्याला बरंही वाटतं. पण आत काय होतं, ते कशासाठी दिलं, हे त्याला कोणी सांगत नाही. सांगितलं तर गुण येणार नाही, अशी पक्की समजूत असते. ही समजूत मला अन्यायकारक वाटते, आणि ती खरीही नाही.

हार्वर्डच्या टेड कॅपचक यांनी २०१० मध्ये पोटाच्या जुनाट तक्रारीचे ८० रुग्ण घेतले. जवळपास निम्म्यांना ‘प्लासिबो’ असं लिहिलेली बाटलीच हातात दिली. यात औषध नाही, तरी शरीर प्रतिसाद देऊ शकतं, हे आधी नीट समजावलं. तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्या ५९ टक्के लोकांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगितलं. गोळी न घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. पुढे २०१६ मध्ये लिस्बनला कंबरदुखीच्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला, तिथेही उघड दिलेल्या गोळीने वेदना कमी झाल्या.

याला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावता येत नाही. १९७८ मध्येच लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर काम करून दाखवलं होतं की, अफूचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिलं की प्लासिबोचा आरामही ओसरतो. म्हणजे वेदनाशामक शरीरच तयार करत होतं.

अर्थात, हुरळून जाऊ नये. बेंगळुरूच्या निम्हान्सचे डॉ. चित्तरंजन अँड्राडे यांनी बजावलं आहे की, प्लासिबो घेणाऱ्यांत दिसणारी सगळी सुधारणा प्लासिबोची नसते. दुखणं अनेकदा आपसूक ओसरतं. माणूस डॉक्टरकडे जातो तोच मुळी ते कळसाला पोचल्यावर, त्यामुळे पुढचा उतार ठरलेलाच असतो.

म्हणूनच मला कोलोरॅडोतल्या बोल्डरचा प्रयोग मोलाचा वाटतो. सरासरी दहा वर्षं पाठदुखी सोसलेले १५१ जण होते. एका गटाला पाठीत मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलं, तेही त्यात औषध नाही हे सांगून. एका गटाचे नेहमीचे उपचार चालू राहिले. तिसऱ्या गटाला डॉक्टरांनी एकदा आणि मग समुपदेशकांनी आठ सत्रांत शिकवलं: खुर्चीत बसा, पाठीतल्या कळेकडे न घाबरता लक्ष द्या, ती कुठे सरकते, कधी मंदावते ते पाहा, इजा आता उरलेली नाही हे स्वतःला सांगत टाळलेली हालचाल करा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यांच्या मज्जासंस्थेचं झालेलं होतं. चार आठवड्यांनी या गटातले ६६ टक्के वेदनामुक्त किंवा जवळपास तसे झाले. उघड इंजेक्शनवाल्यांत हे प्रमाण २० टक्के होतं, नेहमीच्या उपचारांत १०. खरेपणाने दिलेला प्लासिबो काही देतो. शिकणं त्याहून कितीतरी जास्त देतं.

बेंगळुरूजवळ जिगणीला एस-व्यासा संस्थेत असाच एक अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीचे ८० जण आठवडाभर तिथे राहिले. योग करणाऱ्यांना साध्या व्यायामापेक्षा जास्त फायदा झाला. योग लपवून देताच येत नाही, करणाऱ्याला माहीत असतंच. त्यातला श्रद्धेचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे; मला त्यात कमीपणा दिसत नाही.

मात्र हे सगळं तपासण्या झाल्यावर. ताप, घटतं वजन, पायात बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यांपैकी काही असेल तर आधी निदान हवं.

खरी अडचण वेळेची आणि भाषेची आहे. बेंगळुरूच्या जुन्या पेठांमध्ये घरी मराठी बोलणारी भावसार आणि नामदेव शिंपी कुटुंबं आहेत. दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या शिंप्याला डॉक्टर बाजारापुरत्या कन्नडमध्ये किंवा हिंदीत दोन वाक्यं सांगतात आणि पुढच्याला बोलावतात. इंजेक्शनला तेवढं पुरतं. ‘पुन्हा वाकलो तर कायमचा अडकेन’ ही त्याची भीती मात्र तो घरच्या बोलीतच नीट सांगू शकतो. ती ऐकून घेणारा फिजिओथेरपिस्ट किंवा समुपदेशक ओपीडीत बसवावा. त्याला बोल्डरचं हे तंत्र शिकवता येतं, आणि त्यासाठी लागणारी जागा म्हणजे दोन खुर्च्या मावतील अशी एक खोली.